स्वाभिमान आणि आत्मपूजा

(वर्षावास व्याख्यानमालेच्या समारोपाला परळ येथे दिलेले व्याख्यान)



आजच्या विषयाची पाटी फळ्यावर लागली तेव्हा काही सभासदांनी आम्हाला विचारले, "हा दवाखान्यातला विषय विहारात कशाला?" प्रश्न रास्त आहे. आम्ही डॉक्टर नाही. बँकेत कारकुनी करणारे, कला शाखेचे पदवीधर. परंतु ज्या आजाराचा त्रास आजाऱ्यापेक्षा त्याच्या बायकोला, मुलांना, हाताखालच्या माणसांना आणि संस्थेतल्या सहकाऱ्यांना जास्त होतो, त्याची चर्चा दवाखान्यात पुरी होत नाही. कारण आजारी माणूस तिथे जातच नाही. त्रास सोसणारी माणसे मात्र आपल्यातच बसलेली असतात.

एक घर सांगतो. नाव-गाव सांगणार नाही, विचारूही नये. घरचा कर्ता पुरुष उत्तम वक्ता. जयंतीच्या मंडपात त्याचे भाषण झाल्याशिवाय लोक उठत नसत. मुलगी दहावीला पहिल्या वर्गात आली. चाळीने सत्कार ठेवला. वडील माईकसमोर उभे राहिले आणि अर्धा तास स्वतःच्या बालपणातल्या कष्टांवर बोलले. मुलीचे नाव शेवटी आले, तेही "माझ्या संस्काराचे फळ" म्हणून. घरी आल्यावर ते म्हणाले, "लोकांनी तुझ्यापेक्षा मलाच जास्त टाळ्या दिल्या." मुलीने गुणपत्रिका ट्रंकेत ठेवली. पुढे तिला नोकरी लागली, बढती मिळाली, प्रत्येक वेळी तिने आईला एवढेच सांगितले, "बाबांना इतक्यात सांगू नकोस." चांगली बातमी घरात लपवावी लागते, तेव्हा त्या घराचे काहीतरी मोठे बिघडलेले असते.

अशा स्वभावाचे टोक गाठले गेले म्हणजे मानसशास्त्रात त्याला नार्सिसिस्टिक पर्सनॅलिटी डिसऑर्डर म्हणतात. आपण त्याला आत्मपूजक व्यक्तिमत्त्वविकार म्हणू. नाव आले ते ग्रीक पुराणातल्या नार्सिसस या तरुणावरून. तो पाण्यातल्या स्वतःच्या प्रतिबिंबावर भाळला आणि तिथेच झुरून गेला, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. त्याच गोष्टीत एको नावाची एक मुलगीही आहे. तिला स्वतःहून बोलता येत नाही, दुसऱ्याचे शेवटचे शब्द तेवढे परत उच्चारता येतात. ती नार्सिससवर जीव लावते, झिडकारली जाते, झिजत जाते आणि अखेर तिचा नुसता आवाज उरतो. नार्सिसस सगळ्यांच्या लक्षात राहिला, एको विसरली गेली. आजचे आमचे बोलणे मुख्यतः तिच्याविषयी आहे.

अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने 1980 साली आपल्या अधिकृत यादीत या विकाराला प्रथम स्थान दिले. त्यांनी नऊ लक्षणे मानली आहेत: स्वतःच्या मोठेपणाची अवास्तव कल्पना, यश, सत्ता, बुद्धी, सौंदर्य यांची सतत दिवास्वप्ने, आपण खास आहोत आणि खास लोकांतच आपण शोभतो असा समज, कौतुकाची न भागणारी भूक, सगळे आपल्याला मिळालेच पाहिजे ही भावना, कामापुरता दुसऱ्याचा वापर, दुसऱ्याचे दुःख जाणून घेण्याची तयारी नसणे, मत्सर, आणि उद्धटपणा. यांपैकी किमान पाच लक्षणे तरुणपणापासून, सर्व प्रसंगांत, मुरलेल्या रूपात दिसली, त्यामुळे जगणे आणि नाती बिघडली, तरच तज्ज्ञ असे निदान करतात. जागतिक आरोग्य संघटनेची 2022 पासून लागू झालेली नवी यादी तर अशी वेगवेगळी नावे न देता विकार किती तीव्र आहे हे आधी पाहते.

या मोठेपणाच्या आत बहुधा एक फार ठिसूळ मन असते. साधी सूचनाही त्याला अपमान वाटते. काहींचा विकार गर्जना करणारा असतो, तर काहींचा कुढणारा, "माझी किंमत कुणाला कळली नाही" म्हणून घरभर उदासी पसरवणारा. या विकारावर खास असे औषध नाही. तज्ज्ञाशी दीर्घकाळ बोलून होणारा उपचार हाच मार्ग, आणि त्यासाठी आपले काही चुकते आहे हे त्या माणसाला आधी वाटावे लागते. तिथेच गाडी अडते.

मित्रांनो, इथे एक सावधगिरी घेतली पाहिजे. आज ऐकले आणि उद्या साहेबाला, सासूला, शेजाऱ्याला हे नाव देऊन मोकळे झाले, असे होऊ नये. निदान हे तज्ज्ञाचे काम. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. त्यानंतर लालबाग-परळच्या कितीतरी घरांत बाप माणसे तिरसट झाली, घरच्यांवर ओरडू लागली. हातातले काम गेलेल्या माणसाची ती जखम होती. तिला विकार म्हणणे अन्याय होईल. त्या ओरडण्याने मुले भेदरली हेही तितकेच खरे. म्हणून आधी वागणूक ओळखावी. विकाराच्या नावाची घाई नको.

दुसरी सावधगिरी आपल्या इतिहासातली आहे. आपल्या वाडवडिलांनी मान वर केली तेव्हा त्यांना "माजले" म्हणणारे कमी नव्हते. 1927 साली महाडला चवदार तळ्याचे पाणी पिणाऱ्यांचा तो अहंकार नव्हता, स्वाभिमान होता. फरक कसा ओळखावा? आमच्या अल्पमतीप्रमाणे कसोटी सोपी आहे. स्वाभिमानी माणूस दुसऱ्याच्या ताठ मानेने सुखावतो. आत्मपूजकाला दुसऱ्याची ताठ मान सलते. स्वाभिमान वाटल्याने वाढतो, आत्मपूजेला मात्र सतत कुणीतरी खाली बसलेले लागते. बौद्ध वाङ्मयात "मान" ही मनाची बेडी मानली आहे, आणि तिचे तीन प्रकार सांगितले आहेत: मी श्रेष्ठ, मी बरोबरीचा आणि मी हीन. म्हणजे स्वतःला सतत तराजूत घालणे हाच दोष. पारडे कुठेही झुको.

आता एकोकडे वळू. अशा माणसाजवळ राहणाऱ्यांचे काय होते? जिन्यावरच्या पावलांच्या आवाजावरून घरातली माणसे आजची संध्याकाळ कशी जाणार ते ओळखू लागतात. काल बोललेले शब्द आज "मी असे बोललोच नाही" म्हणून नाकारले जातात आणि ऐकणारीला स्वतःच्याच कानांची शंका येऊ लागते. मुलांपैकी एक डोक्यावर बसतो, दुसऱ्याच्या माथी सगळा दोष येतो. बायकोचे माहेर, मैत्रिणी हळूहळू तुटतात. आणि सगळ्यात कठीण गोष्ट अशी की बाहेर तो देवमाणूस असतो. तिने तोंड उघडले तर लोक तिलाच म्हणतात, "एवढा चांगला नवरा मिळाला आणि तक्रार करतेस?" वर्षानुवर्षे असे गेले म्हणजे झोप उडते, अंग दुखते, काहीच नको वाटते. आजार त्याचा असतो, औषधे ती घेत असते.

बेबीताई कांबळे यांचे "जिणं आमचं" हे आत्मकथन 1986 साली पुस्तकरूपाने आले. त्यांनी ते लेखन घरच्यांच्या नजरेआड वर्षानुवर्षे लपवून ठेवले होते. घरात नवऱ्याकडून होणारा जाच त्यांनी त्या पुस्तकात लिहिला नाही; पुढे इंग्रजी अनुवादासाठी झालेल्या मुलाखतीत तो सांगितला. त्यांच्या घरी कोणता विकार होता हे ठरवण्याचा आम्हाला अधिकार नाही. परंतु समाजाची कहाणी धीटपणे लिहिणाऱ्या बाईलाही स्वतःची वही लपवावी लागली, हे आपण विसरू नये.

जे घरात तेच संस्थेत. विनयपिटकाच्या चुल्लवग्गात देवदत्ताची हकीकत येते. तो भगवंतांचा नातलग, हुशार, राजपुत्र अजातशत्रूचा लाडका. भरसभेत त्याने मागणी केली की भगवंत आता वृद्ध झाले, संघ माझ्या हाती द्यावा. भगवंतांनी ती मान्य केली नाही. तो नकार त्याला अपमान वाटला. पुढचे कट, सोडलेला हत्ती, ढकललेला दगड आपण लहानपणापासून ऐकतो. शेवटी अधिक कडक नियमांचा आव आणून त्याने पाचशे नवे भिक्खू फोडले. सारिपुत्त आणि मोग्गल्लान गेले, धम्म समजावून त्या भिक्खूंना परत घेऊन आले. त्यांना पुन्हा उपसंपदा द्यावी का, असा प्रश्न निघाला. भगवंतांनी ती गरज मानली नाही, चुकीची कबुली पुरेशी ठरवली. अहंकारी माणसामागे गेलेल्यांसाठी परतीची वाट मोकळी ठेवावी, हा फार मोठा धडा आहे.

बाबासाहेबांनी तर याचे मूळ भक्तांमध्ये दाखवले. 18 जानेवारी 1943 रोजी पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीला त्यांनी केलेले भाषण विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावे. थोरांविषयी आदर व्यक्त करणे वेगळे आणि डोळे मिटून त्यांची आज्ञा पाळणे वेगळे, दुसऱ्या प्रकारात माणसाची बुद्धी जाते, असा त्याचा आशय आहे. त्या काळच्या सर्वांत बड्या दोन पुढाऱ्यांच्या अहंभावावर त्यांनी तिथे स्पष्ट टीका केली. 25 नोव्हेंबर 1949 ला घटना समितीतही त्यांनी राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते असा इशारा दिला. आणि याच परळचा दाखला पाहा. 1924 साली दामोदर हॉलमधून बहिष्कृत हितकारिणी सभेचे काम सुरू झाले. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते, बाबासाहेबांनी कार्यकारी मंडळाचे काम अंगावर घेतले. खुर्चीपेक्षा काम मोठे होते.

आज आपल्या संस्था कशाने फुटतात? 3 ऑक्टोबर 1957 ला नागपुरात स्थापन झालेल्या रिपब्लिकन पक्षाची पुढे किती शकले झाली ते आपण जाणतो. त्यामागे तात्त्विक मतभेद होते, बाहेरच्यांचे डाव होते. सगळे खापर स्वभावावर फोडता येणार नाही. पण लहान मंडळांत आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. हिशेब विचारला की "माझ्यावर अविश्वास?" म्हणून आरडाओरडा होतो, दोन चांगले कार्यकर्ते गुपचूप घरी बसतात, आणि उरलेले आम्ही टाळ्या वाजवतो. ती टाळी हेच त्या विकाराचे खाद्य आहे. बंधूंनो, या दोषात आम्हीही आहोत. वर सांगितलेल्या त्या सत्काराला आम्ही हजर होतो, आणि टाळ्या आम्हीही वाजवल्या होत्या. मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिले नाही.

तेव्हा करायचे काय? त्या माणसाला वादात हरवून बदलवू, ही आशा सोडावी. थोडक्यात, शांतपणे, एकच गोष्ट सांगावी, आणि जिथे नाही म्हणायचे तिथे नाही म्हणावे. जे बोलले गेले ते तारखेनिशी वहीत लिहून ठेवावे, म्हणजे स्वतःच्या आठवणीवरचा विश्वास टिकतो. एकाला तरी खरे सांगावे. बँकेत असल्यामुळे भगिनींना एक सांगतो. दोघांपैकी कुणीही पैसे काढू शकेल अशा संयुक्त खात्यातून एक जण सगळी रक्कम काढू शकतो. म्हणून एक खाते स्वतःच्या एकटीच्या नावावर ठेवा, आणि पासबुक, कार्ड व त्याचा गुप्त क्रमांक आपल्याच हाती ठेवा.

मारहाण झाली तरच छळ, असा समज चुकीचा आहे. 2005 च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळही धरला आहे. महिलांसाठी 181 हा दूरध्वनी आहे. मनाच्या त्रासासाठी टेलिमानस ही शासकीय सेवा 14416 या क्रमांकावर मोफत मिळते. परळला केईएमचा आणि मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचा मनोविकार विभाग आहे. तिथे जाणे म्हणजे वेड लागणे नव्हे. सोसणाऱ्याने आधी स्वतः जावे. आजारी माणूस तयार होईपर्यंत थांबू नये. आणि तो आपणहून "माझे काही चुकते का?" असे विचारू लागला, तर त्याची थट्टा करू नये. त्याला सोबत न्यावे. तोही दुःखीच असतो.

आज आश्विन पौर्णिमा. वर्षावास संपताना भिक्खुसंघात पवारणा होते. सर्वांत ज्येष्ठ भिक्खू सर्वांत आधी हात जोडून म्हणतो की माझ्यात काही दोष कुणी पाहिला, ऐकला किंवा कुणाला शंका आली असेल, तर कृपा करून मला सांगावा. संयुत्त निकायात खुद्द तथागतांनीही संघाला असे विचारल्याचा प्रसंग आहे. ज्यांच्यात दोष शोधायला जागा नव्हती, त्यांनी विचारले. मग आपण कोण?

आमची संस्थेला नम्र सूचना आहे की यापुढे वार्षिक सभेत हिशेब वाचण्याआधी अध्यक्षांपासून सुरुवात करून प्रत्येक पदाधिकाऱ्याने हा प्रश्न सभेला विचारावा, आणि उत्तर देणाऱ्याला कुणी अडवू नये. आणि आज घरी गेल्यावर प्रत्येक कर्त्या माणसाने, आमच्यासकट, जेवताना मुलांना विचारावे: "माझ्या बोलण्याने तुला कधी लागले का?" विचारून झाल्यावर गप्प बसावे. उत्तर लगेच येणार नाही. थांबावे.

भवतु सब्ब मंगलं. जयभीम!