कायद्याचा उच्च अभ्यास आणि विलायतेची वाट
(म्हसा येथील जुबिली समारंभांत केलेलें भाषण)



जुबिलीच्या सभेंत वकील बोलावयास उभा राहिला म्हणजे श्रोत्यांस तारखेवर तारीख पडण्याची धास्ती वाटते. तरी थोडक्यांत आटोपतों. गेल्या महिन्यांत आपल्या पंचक्रोशींतील एक गृहस्थ मजकडे आले. मुलगी कायद्याची पदवीधर झाली, पुढील अभ्यासाकरितां इंग्लंडास जाऊं म्हणते. तिजसाठीं भाताचें शेत विकावें कीं काय, असा त्यांचा प्रश्न होता. आज त्यावरच बोलणार आहें.

ही वाट नवी नाहीं. कॉर्नेलिया सोराबजी यांचा जन्म 1866 सालीं नाशिक येथें, पारशी समाजांतून ख्रिस्ती झालेल्या रेव्हरंड सोराबजी खरसेटजी यांच्या घरीं झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजांतून त्या पहिल्या वर्गांत उत्तीर्ण झाल्या. विलायतेस जाण्याची सरकारी शिष्यवृत्ति मात्र, त्या स्त्री असल्यामुळें, त्यांस नाकारण्यांत आली. तेव्हां त्यांनीं अहमदाबादच्या गुजरात कॉलेजांत अध्यापन पत्करलें. पुढें इंग्लंडांतील हितचिंतकांनीं वर्गणी जमविली, तींत फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हात होता. आणि 1889 सालीं बाई ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिल हॉलमध्यें दाखल झाल्या.

तेथील बी. सी. एल. ही परीक्षा नांवानें ‘बॅचलर’ असली तरी पदवीनंतरची आहे. आजही ती तशीच आहे. स्त्रीस या परीक्षेस बसूं द्यावें कीं नाहीं, हाच वाद. बॅलिअल कॉलेजचे प्रमुख बेंजामिन जोवेट यांनीं बाईंची बाजू घेतली, विद्यापीठाचा खास ठराव झाला आणि 1892 सालीं त्या परीक्षेस बसल्या. वर्ग मिळाला तिसरा! पुण्यास पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीस हें किती लागलें असेल, याची कल्पना परक्या भाषेंत परीक्षा दिलेल्यांनींच करावी. शिवाय पदवीचा कागद हातीं आला तो 1922 सालीं, म्हणजे तीस वर्षांनीं. कारण 1920 पर्यंत तें विद्यापीठ स्त्रियांस पदवीच देत नव्हतें.

या तीस वर्षांत बाई कागदाची वाट पाहत बसल्या नाहींत. बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या कामावर 1904 पासून राहून, ज्यांना परपुरुष वकिलासमोर येतां येत नसे अशा पडद्यांतील विधवांच्या मालमत्तेचीं प्रकरणें त्यांनीं पालखींतून, होडींतून हिंडून पाहिलीं. स्वदेशाच्या राजकारणाविषयींचीं त्यांचीं मतें मला मुळींच पटत नाहींत. पण तो विषय वेगळा.

आतां शेताचा प्रश्न. म्हशाच्या जत्रेंत बैल घेणारा दांत पाहतो, शिंगांचा रंग पाहत नाहीं. मुरबाडच्या कोर्टांत वकिली करावयाची, सातबारा, कुळकायदा आणि 2006 चा वनहक्क कायदा चालवावयाचा, तर ऑक्सफर्डची गरज नाहीं. आंतरराष्ट्रीय कायदा, लवादाचा कायदा असें कांहीं शिकावयाचें असेल, तर जरूर जावें. परंतु परदेशी विद्यार्थ्यास तेथें स्थानिकांहून पुष्कळ अधिक फी पडते. व्हिसासाठीं पैसे खात्यावर सलग 28 दिवस असावे लागतात. आदल्या दिवशीं मामाकडून आणून भरलेले चालत नाहींत.

म्हणून आधीं शिष्यवृत्ति पाहावी. एक गोष्ट येथें पुष्कळांस ठाऊक नसते. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशान्वयें अनुसूचित जातीचा दर्जा ख्रिस्ती झालेल्यांस मिळत नाहीं; अनुसूचित जमातीस मात्र धर्माची अट नाहीं. आपल्या ठाकूर, कातकरी बांधवांच्या मुलांनीं, ते ख्रिस्ती असले तरी, जमातीचा दाखला व त्याची वैधता ही आधींच करून ठेवावी. मुलगा विमानांत बसावयाचा आणि दाखला समितीपुढें पडलेला, असें मीं पाहिलें आहे.

तीं मुलगी आणि तिचे वडील आज समोरच बसले आहेत, म्हणून नांव घेत नाहीं. खरेदीदाराकडून घेतलेला विसार त्यांनीं अजून मोडलेला नाहीं असें कळतें. तो तसाच परत करावा, आणि मुलीनें प्रवेशाचे कागद घेऊन सोमवारीं माझ्याकडे यावें. फी मागणार नाहीं.