चित्रातून गोष्ट

(मंडळाच्या बालमेळाव्यात पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



चित्र पाहून मुलांनी गोष्ट कशी लिहावी, यावर आपण मला बोलायला सांगितले. मी बँकेतला कारकून, आकडे मांडणारा माणूस. परंतु हा विषय चौथीपासून माझ्या मनात घर करून आहे.

आमच्या वर्गात विहिरीचे चित्र टांगले होते. रहाट, पाणी भरणाऱ्या बायका, झाड आणि एका कडेला रिकामी घागर घेऊन उभी असलेली मुलगी. सर्वांनी लिहिले, 'हे विहिरीचे चित्र आहे.' मी लिहिले, 'ती मुलगी कुणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून थांबली आहे.' माझ्या आजीने तिच्या लहानपणीचे तसेच सांगितले होते. वहीवर लाल शेरा आला : 'चित्रात नाही ते लिहू नये.' त्यानंतर कित्येक वर्षे मी गोष्ट लिहिली नाही.

मुलगी तर चित्रात होती! ती दूर का उभी आहे, हा प्रश्न तेवढा चित्रात नव्हता. तो पाहणाऱ्याने आणायचा असतो. सृजनशीलता म्हणजे केवळ परी आणि राक्षस नव्हेत. डोळ्यांनी पाहिलेले आणि आपण जगलेले यांची गाठ घालणे म्हणजे सृजन. धम्माला 'एहिपस्सिको' म्हटले आहे. ये आणि पाहा. गोष्टीचीही पहिली पायरी तीच.

गेल्या हिवाळ्यात आम्ही काही मुलांना मानमोडी डोंगरातील भूतलेण्याकडे नेले. नाव ऐकूनच काही जण बिचकले. तिथे भूत नाही. चंद नावाच्या यवनाने दिलेल्या दानाचा लेख आहे. दर्शनी भागावर दोन आकृती कोरल्या आहेत. एकीच्या डोक्यावर नागफणा, दुसरीला पंख. मुलांना तीनच प्रश्न दिले. ही दोघे इथे येण्यापूर्वी काय घडले? त्यांना काय हवे आहे? आपण निघून गेल्यावर ती काय करतील?

पाचवीतल्या एका मुलीने लिहिले : नाग आणि गरुड भांडत डोंगरावर आले. दोघांना तहान लागली, पण टाके एकच. गरुड म्हणाला, 'तू शिवलास तर पाणी बाटेल.' भिक्खू म्हणाले, 'डोंगराने पाणी देताना कुणाची जात विचारली होती का?' दोघे पाणी प्याले. आता पुन्हा कुणी अडवू नये म्हणून तिथेच पहारा देतात.

तिने उरग जातक वाचलेले नव्हते. त्यात गरुडाला घाबरलेला नाग तपस्वी बोधिसत्त्वांच्या आश्रयाला येतो आणि ते दोघांचे वैर मिटवतात. पण पाण्याचे टाके तिचे स्वतःचे. इरिल नावाच्या यवनाने दोन पोढी, म्हणजे पाण्याची टाकी, दान दिल्याचे जुन्नरच्या शिलालेखात आहे, हे आम्ही वाटेत सांगितले होते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्याले, हे तिने घरी ऐकले होते. या साऱ्याची तिने गाठ घातली. माझी विहिरीची अर्धी राहिलेली गोष्ट जणू तिने पुरी केली.

अजिंठ्याच्या चित्रकारांनी जातककथांवरून चित्रे काढली. आपल्या मुलांनी उलट वाटेने जावे, चित्रांवरून कथा लिहाव्यात. दुर्गाबाई भागवतांनी मराठीत आणलेले 'सिद्धार्थ जातक' मंडळाच्या वाचनालयात असावे. पण ते मुलांच्या हाती त्यांची गोष्ट लिहून झाल्यावर द्यावे.

पालकांना विनंती अशी की, चित्रे विकत आणण्याची गरज नाही. जुने कॅलेंडर चालेल, लग्नातला फोटो चालेल. डिंभे धरणाच्या पाण्याचा फोटो चालेल. त्या पाण्याखाली जुने आंबेगाव आहे. ज्याच्या आजीचे घर तिथे होते, त्याला त्या पाण्यात अंगणही दिसेल. शुद्धलेखन शेवटी तपासा. 'तात्पर्य काय?' असे विचारण्याआधी 'पुढे काय झाले?' असे विचारा.

आणि बालमित्रांनो, चित्रात कडेला कोण उभे आहे ते आधी पाहा. त्याची गोष्ट बहुधा अजून कुणी लिहिलेली नसते.

जयभीम! नमो बुद्धाय!