माहुलचा निवाडा आणि उसाचा फड

माहुल येथे १९५४ साली स्टॅनव्हॅक कंपनीचा तेलशुद्धीकरण कारखाना सुरू झाला. तेथील यंत्रसामग्रीच्या साफसफाईचे काम ठेकेदाराच्या मजुरांकडून करून घेतले जाई. कारखान्याच्या कायम कामगारांनी या मजुरांची बाजू घेतली आणि १९६० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही ठेकेदारी बंद करण्याचा निवाडा कायम केला. काम आवश्यक व बारमाही आहे काय, ही त्यातील कसोटी पुढे १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमात उतरली.

बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजुराला मात्र तिचा आधार मिळाला नाही. त्याचे काम हंगामी. पती-पत्नी मिळून एक ‘कोयता’; मुकादमाची उचल फेडीत ते गावोगाव, प्रसंगी कर्नाटकातही जातात. फडाला ना फाटक, ना हजेरीपट, ना पाठीशी कायम कामगार. कायदा एक, फळ मात्र प्रदेशपरत्वे निराळे.

नोव्हेंबर २०२५ मध्ये चार श्रमसंहिता लागू झाल्या. बारमाही कामाच्या जागी आता ‘मुख्य काम’ ही कसोटी आली. परंतु ज्याची नोंदच नाही, त्याला कोणतीही कसोटी लागू करणार कशी? म्हणून गाव सोडणाऱ्या प्रत्येक कोयत्याची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी आणि मागे राहिलेल्या मुलांची शिक्षकांनी. सुधारणेचा आरंभ तेथूनच होईल.