अंगावर येणारा माणूस आणि रात्रपाळी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या विदुषीला बोलवावे ही आपली रीत. यंदा चिटणीसबाईंनी माझ्यासारख्या निवृत्त परिचारिकेला उभे केले, आणि विषयही असा दिला की कानाला मुळीच गोड लागू नये. रोगी किंवा त्याचे आप्त अंगावर धावून येतात तेव्हा दवाखान्यातली माणसे काय करतात, ते सांगा म्हणाल्या. चौतीस वर्षे मी एका सरकारी रुग्णालयात काढली, त्यांतली बरीचशी रात्रपाळीत. तेव्हा जे पाहिले तेवढेच बहुतेक सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही की, अंगावर येणारा रोगी आणि अंगावर येणारा नातेवाईक यांना एका मापाने मोजू नये. रोग्याचा राग हे पुष्कळदा दुखण्याचेच लक्षण असते. एक शाळामास्तर आमच्याकडे दाखल होते. मधुमेहाचे रोगी, अतिशय सौजन्यशील. एके पहाटे उठून त्यांनी सलाइनचा खांब उचलला आणि शेजारच्या खाटेवर धावले. तोंडी अशा शिव्या की या सभेत उच्चारता येणार नाहीत. आमच्या थोरल्या सिस्टरनी दुरूनच पाहिले की, माणूस घामाने निथळतो आहे. त्यांनी आधी शेजारच्या रोग्याला हलविले, दोघा वॉर्डबॉयांना दोन बाजूंनी उभे केले आणि संधी साधून बोटाचा थेंब घेऊन साखर तपासली. ती पार उतरली होती. शिरेतून ग्लुकोज गेल्यावर थोड्या वेळाने मास्तर विचारतात, ‘‘सिस्टर, माझी चादर कुठे गेली हो?’’ झाल्या प्रकारातले त्यांना काही म्हणता काही आठवत नव्हते.

दारूचेही असेच. रोज पिणारा माणूस पाय मोडून दाखल होतो, दारू अचानक सुटते आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हात कापू लागतात, भिंतीवर किडे दिसू लागतात. मग तो पळायला बघतो आणि अडवील त्याला मारतो. हे आधी कळले तर औषध देऊन बहुधा टाळता येते. म्हणून दाखल करतेवेळी आम्ही विचारतो, शेवटची केव्हा घेतली? बायको बिचारी लाजेने ‘घेत नाहीत हो’ म्हणते. भगिनींनो, तिथे लपवू नका. म्हाताऱ्या माणसांना ताप किंवा लघवीतला जंतुसंसर्ग झाला की संध्याकाळनंतर भ्रम होतो, नर्स त्यांना चोर वाटते. अशा वेळी दिवा लावावा, डोळ्यांवर चष्मा आणि कानात यंत्र घालून द्यावे, घरचे एखादे ओळखीचे माणूस जवळ बसवावे. निम्मा राग तिथेच उतरतो. चष्मा हरवू नये म्हणून घरी नेणारी सून मला नेहमी भेटे!

नातेवाइकांचा राग निराळा. तो एकाएकी येत नाही. आधी येरझारा, मग चढा आवाज, मग रोखलेले बोट, आणि शेवटी मोबाइलवर ‘माणसे घेऊन ये’. पहिल्या दोन पायऱ्यांवर जी सिस्टर उठून बाहेर जाते आणि ‘डॉक्टर शस्त्रक्रियेत आहेत, अर्ध्या तासाने मी स्वतः येऊन सांगते’ असे म्हणून खरोखरच अर्ध्या तासाने येते, तिच्यावर सहसा चौथी पायरी येत नाही. ‘शांत व्हा’ हे दोन शब्द मी नव्या मुलींना कधी वापरू दिले नाहीत. त्यांनी कोणी शांत झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपणच आवाज खाली आणावा. माणूस गेल्याची बातमी उभ्याउभ्या, दारात, एकटीने सांगू नये. आप्तांना बसवावे, आपण दोघांनी बसावे, आणि ‘वारले’ हा शब्द स्पष्ट उच्चारावा. ‘प्रकृती गंभीर आहे’ म्हणत दोन तास झुलवत ठेवले की पुढे होते ती तोडफोड.

याखेरीज काही साधी शिस्त असते. बोलताना दार आपल्या बाजूला ठेवायचे, हात पोचणार नाही इतके अंतर राखायचे, कात्री वरच्या खिशात ठेवायची नाही, ओळखपत्राची दोरी ओढली की सुटणारी हवी. घंटा कोणी दाबायची, रोग्यांजवळ कोणी थांबायचे, हे पाळी सुरू होतानाच ठरवायचे.

तथापि गोड बोलण्याने सर्व निभते असे मी म्हणणार नाही. मार्च 2017 मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात जमावाने एका निवासी डॉक्टरला एवढे मारले की त्याच्या डोळ्याला गंभीर इजा झाली. 10 मे 2023 रोजी केरळात कोट्टारक्करा येथे डॉ. वंदना दास या तरुण मुलीला, पोलिसांनी मलमपट्टीसाठी आणलेल्या माणसाने कात्रीने भोसकून ठार केले. पोलीस तिथे होते. तिच्या वागण्यात काही उणे होते असे कोण म्हणेल? महाराष्ट्रात 2010 पासून कायदा आहे: हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड, मोडतोडीची दुप्पट भरपाई, आणि गुन्हा अजामीनपात्र. कायद्याचा फलक भिंतीवर असतो, पण मारायला आलेला माणूस फलक वाचीत नाही. त्याचा उपयोग नंतरचा, आणि तोही संस्थेने स्वतः फिर्याद नोंदविली तर. मार खाल्लेल्या मुलीला एकटीला चौकीवर पाठविणारे वरिष्ठ मी पाहिले आहेत. चाळीस खाटांना एक परिचारिका ठेवून तिला ‘हसतमुख राहा’ म्हणणारेही पाहिले आहेत.

आपल्या आळीत कोणी आजारी पडले की आपण आठजणी धावतो. माया खरी, पण आत एकीनेच जावे. चालू औषधे, कशाची बाधा होते, शेवटचे केव्हा खाल्ले, हे कागदावर लिहून न्यावे आणि डॉक्टरांशी तिनेच बोलावे. बाकीच्यांनी पाळ्या लावून घ्याव्यात.

आपल्यापैकी एका भगिनीने मला सकाळी विचारले, मुलीला नर्सिंगला जायचे आहे, पाठवू का? वर्तमानपत्र वाचून तिचा धीर होत नाही. माझे उत्तर, जरूर पाठवा. मात्र नोकरी पत्करताना मुलीने पगाराबरोबर आणखी विचारावे. रात्री वॉर्डात किती जणी असतात? पहारेकरी हाकेच्या अंतरावर असतो का? विश्रांतीच्या खोलीला आतून कडी आहे का? आणि मागे कोणावर हात उगारला गेला तेव्हा फिर्याद कोणी दिली? या शेवटच्या प्रश्नावर मुलाखत घेणारे गृहस्थ घुटमळले, तर मुलीने दुसरीकडे अर्ज करावा. परिचारिका सगळीकडेच हव्या आहेत.