आधी कागद, मग कॅमेरा
(नाशिक येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



आज कापसाच्या भावावर बोलणार नाही. मालेगाव, नांदगाव, येवल्याच्या कोरडवाहू गावांतून तुम्ही आलात. तुमच्या गटांचे हिशेब कोणाच्या हातात आहेत, यावर बोलायचं आहे.

मी ज्या गटाचं काम पाहत होतो, त्यानं हिशेबासाठी विकतचं सॉफ्टवेअर घेतलं होतं. वर्षाचे पैसे भरायचे राहिले आणि ते उघडेना. कोणाचा कापूस किती क्विंटल, कोणाला उचल किती, सगळं आत अडकलं. हिशेब आपले, कुलूप दुसऱ्याचं! ऐन पैसे वाटायच्या वेळी जुन्या पावत्या घेऊन आम्ही दोन रात्री बसलो. तोवर माणसं एकमेकांकडे संशयानं बघू लागली होती.

संकरित कपाशीचं बी दरसाल विकत घ्यावं लागतं. मोहोळच्या केंद्रानं निवडलेल्या मालदांडी ज्वारीचं तसं नाही. चांगली कणसं निवडा, बी ठेवा, शेजाऱ्याला द्या. ओपन सोर्स सॉफ्टवेअर हे मालदांडीसारखं. त्याची मूळ आज्ञावली उघडी असते. वापरा, बदला, पुढं द्या. लिब्रेऑफिस त्यातलंच, आणि ते मराठीतूनही चालतं. २०१० साली ओरॅकल कंपनीनं सन ही कंपनी घेतली, तेव्हा सनकडचं ओपनऑफिसही तिच्याकडे गेलं. ते घडवणाऱ्या अनेकांनी त्याच वर्षी तीच आज्ञावली घेऊन लिब्रेऑफिस नावानं वेगळी चूल मांडली. त्यांना तसं करता आलं, कारण बी कोणा एकाच्या कोठारात नव्हतं.

हे गावोगाव सांगायला आपण छोटी फिल्म करणार आहोत. ठरताच कोणी म्हणालं ड्रोन आणा, कोणी म्हणालं पुढाऱ्याचे दोन शब्द घ्या. थांबा. नोकरीत असताना मीही गावात फिल्म दाखवत असे. पडद्यावर कडक इस्त्रीतला शेतकरी, मागं हिरवंगार शेत. दिवे लागले की एकच प्रश्न यायचा, "साहेब, याच्या विहिरीला पाणी किती?" फिल्म तिथंच संपायची.

२००६ साली बंगळूरमध्ये सुरू झालेल्या डिजिटल ग्रीनच्या कामातही हेच दिसलं. शेतकऱ्यांनीच शेतकऱ्यांसाठी केलेल्या फिल्मा. बघणारा आधी विचारायचा, हा कोण, कुठल्या गावचा? आपल्यासारखा माणूस दिसला, की करून बघायची हिंमत येते.

दुसरा धडा मुंबईच्या आयआयटीचा. प्रा. कण्णन मौदगल्य यांनी तिथं उभारलेला स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवतो. एक पाठ साधारण दहा मिनिटांचा, मराठीतही मिळतो. आधी कागदावर दोन रकाने पाडतात. एकात पडद्यावर काय दिसणार, दुसऱ्यात काय बोलणार. मग ज्याला काहीच येत नाही, अशा नवख्याकडून तो कागद तपासून घेतात. तो अडला, तर चूक लिहिणाऱ्याची. त्यानंतर ध्वनिमुद्रण.

आपणही तसंच करू. एक, फिल्म पाच मिनिटांची, आणि तिच्यात एकच काम: दहा शेतकऱ्यांच्या कापसाच्या वजनाचा आणि उचलीचा तक्ता. दोन, बोलणारी गटाचा हिशेब ठेवणारी बाई, आपल्याच बोलीत. तीन, सिनेमाच्या गाण्याची चाल नको. जे आपलं नाही, ते पुढं वाटता येत नाही, आणि ही फिल्म कोणालाही नकलून वाटता आली पाहिजे. चार, खोटी हमी नको. सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, पण शिकायला संध्याकाळी द्याव्या लागतात. हिशेबाची दुसरी प्रत वेगळी ठेवली नाही, तर संगणक बिघडल्यावर हे सॉफ्टवेअरही वाचवणार नाही. हेही फिल्ममध्येच सांगायचं.

फिल्म चांगली झाली की नाही, हे टाळ्यांवर ठरवू नका. बघून झाल्यावर किती जणांनी तो तक्ता स्वतः मांडला, ते मोजा.

पुढच्या बैठकीला प्रत्येक तालुक्यानं दोन माणसं पाठवावीत. एक हिशेब जाणणारा, एक संगणकाला कधी हात न लावलेला. पहिल्यानं कागद लिहायचा, दुसऱ्यानं तो तपासायचा. कॅमेऱ्याचं त्यानंतर बघू.