निकालाच्या फळ्यावर नसलेल्या मुली

(राजारामपुरीतील पालक-महिलांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



जून जवळ आला की राजारामपुरीच्या गल्ल्यांतून एकच चर्चा सुरू होते : मुलीला कुठल्या हायस्कूलला घालायचं? बंगल्यातल्या बाईंपुढे हा प्रश्न असतो, तसाच त्यांच्याकडे धुणंभांडी करायला दौलतनगरातून, राजेंद्रनगरातून येणाऱ्या बाईपुढेही असतो. पैसा वेगळा, पर्याय वेगळे. पण शाळा मोजायची दोघींची पट्टी एकच. दहावीचा निकाल किती टक्के?

मीही हीच पट्टी वापरत होते. वस्तीतल्या एका आईला मी मोठ्या खात्रीने एका शाळेचं नाव सुचवलं. शाळा अनुदानित, निकाल उत्तम. दोन वर्षांनी ती आई भेटली. मुलगी नववीत नापास झाली होती. ‘दाखला काढून न्या, १७ नंबरचा फॉर्म भरा,’ असं शाळेत तोंडी सांगितलं होतं. मुलगी आता आईबरोबर कामाला जात होती. फाटकावर निकालाचा फळा लागलेलाच होता. ती म्हणाली, “ताई, माझी पोरगी निकालातबी न्हाई आन् शाळंतबी न्हाई.”

त्या दिवशी मला टक्केवारीचं गणित नव्याने कळलं. निकाल काढतात तो परीक्षेला बसलेल्यांचा. समजा, आठवीत ४० मुली होत्या, दहावीला ३० बसल्या आणि तिसाच्या तीस पास झाल्या. निकाल १०० टक्के! मग उरलेल्या १० मुली कुठे गेल्या? काही गावी गेल्या असतील, काहींनी शाळा बदलली असेल. पण काही गाळल्या गेल्या. १७ नंबरचा फॉर्म भरणारी मुलगी खासगी विद्यार्थिनी ठरते. तिचा निकाल शाळेच्या खात्यात येत नाही. हा फॉर्म वाईट नाही. शाळा सुटलेल्या कितीतरी बायका त्याच वाटेने दहावी झाल्या. पण शिकत असलेल्या मुलीला बाहेर काढण्यासाठी तो वापरला, तर तो अन्याय आहे.

आणि हे नववीतच का होतं? शिक्षण हक्क कायदा २००९ चा, तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याचं संरक्षण ६ ते १४ वयाला, म्हणजे आठवीपर्यंत. वस्तीतली मुलगी वयात येते, धाकट्या भावंडांची जबाबदारी तिच्यावर पडते, घरात लग्नाचा विषय निघतो, नेमक्या त्याच वेळी कायदा हात सोडतो.

हे कोल्हापुरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तेव्हा जाब पालकाला होता. आज शाळाच मुलीला दाखला हातात देते, तेव्हा जाब कुणाला विचारायचा?

शिक्षकांना दोष देऊन मोकळं होता येणार नाही. वर्ग भरलेले, जागा रिकाम्या, वर निवडणुकीची कामं. अनुदानित शाळांतली शिपायांची पदं न भरता ठोक भत्ता देण्याचा निर्णय शासनाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. मग मुलींचं स्वच्छतागृह रोज धुणार कोण? पाळीच्या दिवसांत मुली घरी का राहतात, याचं उत्तर इथे आहे.

म्हणून शाळा निवडताना आपण चार प्रश्न विचारूया. दोन वर्षांपूर्वी आठवीत किती मुली होत्या आणि यंदा दहावीला किती बसल्या? मुलींच्या स्वच्छतागृहात पाणी आहे का, आतून कडी लागते का? नववीत मागे पडलेल्या मुलीसाठी शाळा काय करते? सखी सावित्री समिती नेमण्याचा शासननिर्णय २०२२ चा आहे. इथल्या समितीत कोण आहे, शेवटची बैठक कधी झाली? २०२४ साली बदलापूरच्या शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाले. त्यानंतर हा प्रश्न न विचारणं आपल्याला परवडणारं नाही.

एकटी बाई गेली तर तिला बाकावर बसवून ठेवतात, हा आपला अनुभव आहे. चौघीजणी मिळून जाऊया. बंगल्यातल्या बाईंनी कामवाल्या मावशींबरोबर जावं. पालक-शिक्षक संघाच्या सभेत हे प्रश्न मांडूया. तोंडी उत्तर मिळालं नाही, तर माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हातात आहे. अनुदानित शाळेला तो लागू होतो. आणि ‘दाखला न्या’ असं कुणी तोंडी सांगितलं, तर एवढंच म्हणा : “लेखी द्या.”

त्या मुलीचा फॉर्म आम्ही भरला. संध्याकाळी ती आमच्या अभ्यासवर्गाला येते. पण तिची हायस्कूलची दोन वर्षं कुणी परत देणार नाही. तिच्या पाठची बहीण यंदा आठवीत जातेय. तिच्यासाठी शाळा बघायला आम्ही पुढच्या आठवड्यात निघणार आहोत. तुमच्यापैकी कोण कोण येणार, ते आजच सांगा.