हातातले दिशायंत्र

२ मे २००० रोजी अमेरिकेने उपग्रहसंकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली चूक काढून टाकली आणि दुसऱ्याच दिवशी ऑरेगॉनात एकाने डबा लपवून त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. तोच खेळ मलंगगडाच्या पायथ्याशीही खेळता येतो. यंत्र घेताना आम्ही रंगीत पडद्यापेक्षा साधे सेल त्यात चालतात की नाही, हे पाहतो. किमान चार उपग्रह दिसावे लागतात. कड्याखाली आकाशच अर्धे, तेथे आकडा डोलू लागतो. पण खरी गफलत वाचण्यात होते. डोंबिवली १९ अंश १३ मिनिटांवर, ते १९.१३ अंश असे यंत्रात घातले, की माणूस सुमारे दहा किलोमीटर दक्षिणेस! अनोळखी रानात हे लवकर उमगत नाही. आम्ही एकदा अंधार पडेपर्यंत भटकलो; पाणी बरोबर होते म्हणून निभावले.